गोड्या पाण्यात तेल सांडलं तर आधी काय करायचं, नंतर काय

नदीत तेल दिसलं की बहुतेक ठिकाणी एकच धावपळ होते. जिथे तवंग दिसतो तिथे सगळे जमतात, हाताशी असेल तो बूम (तेल अडवायला पाण्यावर तरंगत ठेवायचा लांब पट्टा) या काठापासून त्या काठापर्यंत सरळ ताणतात आणि तेल अडायची वाट बघतात. तेल अडत नाही. ते बूमच्या खालून निघून जातं, आणि दोर बांधून होईपर्यंत तेलाचं पुढचं टोक दोन-चार किलोमीटर खाली पोचलेलं असतं. ही पद्धत समुद्रातली दृश्यं बघून डोक्यात बसलेली आहे. वाहत्या गोड्या पाण्यात ती चालत नाही.

इथे दिलेला क्रम डिझेल, पेट्रोल, रॉकेल, फर्नेस ऑइल, ट्रान्सफॉर्मरचं तेल या सगळ्यांना लागू आहे. खाद्यतेलालाही. 'ते तर खायचं तेल, त्याने काय होतंय' हे वाक्य मी बरेचदा ऐकलंय. खाद्यतेलही पक्ष्यांची पिसं चिकटवतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. माशांना ते कोणत्या कारखान्यातून आलं याच्याशी देणंघेणं नसतं.

१. तयारी : तेल टाकीच्या आवारातच राहिलं पाहिजे

साठवण टाकीभोवतीचा बांध हा पहिला अडसर. सर्वात मोठ्या टाकीच्या किमान ११० टक्के तेल त्यात मावावं, हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा ठोकताळा आहे. उघड्यावरच्या बांधात पावसाचं पाणीही साचतं, त्याची जागा वेगळी धरा. बांधाच्या भिंतीतून पाइप आरपार गेला असेल तर त्याच्या भोवतालची फट तपासा. भिंत मजबूत आणि फट मोकळी, असं वारंवार दिसतं.

पण बांध फसतो तो मुख्यतः पाणी काढायच्या व्हॉल्व्हमुळे. पावसाचं पाणी सोडायला कुणीतरी तो उघडतो आणि बंद करायला विसरतो. त्या दिवसापासून बांध असून नसल्यासारखा. व्हॉल्व्ह कायम बंद आणि कुलूपबंद ठेवा. पाणी सोडण्याआधी त्यावर तवंग नाही ना ते बघा, पाणी संपेपर्यंत माणूस तिथेच उभा राहू द्या, आणि बंद केल्याची वेळ व सही वहीत घ्या.

दुसरी गोष्ट गटारांची. आवारातलं प्रत्येक गटार, चेंबर आणि जाळी कुठे जाऊन मिळते, हे नकाशावर लिहिलेलं हवं. जुन्या नकाशावर विसंबू नका. बादलीभर पाण्यात निरुपद्रवी रंग मिसळून ओता आणि ते कुठे बाहेर पडतं ते चालत जाऊन बघा. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे डिझेलची मोठी टाकी भरता भरता फुटली. सुमारे १ कोटी ४४ लाख लिटर डिझेल एका दणक्यात बाहेर आलं, लाटेसारखं बांधावरून पलीकडे गेलं आणि शेजारच्या आवारातल्या पावसाळी गटारातून त्यातलं अंदाजे २८ लाख लिटर मोनोंगहेला नदीत उतरलं. खालच्या गावांत सुमारे दहा लाख लोकांच्या पाण्यावर परिणाम झाला. त्यामुळे नकाशा काढताना कुंपणावर थांबू नका. पलीकडचं गटारही तुमचंच समजा.

तिसरी गोष्ट भरणी. टँकर लावण्याआधी टाकीत किती जागा आहे ते डिप काठीने मोजा, नुसतं मीटरवर सोडू नका. टाकी ९५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, कारण उन्हात तेल फुगतं. जोडणीखाली ट्रे ठेवा. भरणी चालू असताना ड्रायव्हर केबिनमध्ये आणि तुमचा माणूस ऑफिसात, असं होता कामा नये. बोटींच्या बाबतीत तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा आपोआप चालू होणारा स्विच बघा. तळाशी गळलेलं डिझेल तो पंप कुणाला न विचारता थेट पाण्यात सोडतो.

साहित्याची पेटी टाकीच्या अगदी शेजारी ठेवू नका. गळती झाली की तिथे जाताच येत नाही. पेटीत गटारावर टाकायची रबरी किंवा पॉलियुरेथेनची चटई, फक्त तेल शोषणारे पॅड, तसेच शोषक बूम, ताडपत्री, रिकाम्या गोण्या, फावडी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, दोर, लोखंडी पहारी आणि तेलाला टिकणारे हातमोजे असावेत.

> तपासा : पॅड पाण्याच्या बादलीत टाकून बघा. 'सर्व काही शोषणारा' प्रकार पाणी पिऊन जड होतो आणि बुडतो. जमिनीवर तो चालेल, नदीत नाही. रंगावरून ओळखायची सवय असेल तरी एकदा बादलीत टाकून खात्री करा.

२. पहिली काही मिनिटं : माणसं, आग, उगम

गळतीकडे जाताना वारा पाठीवर घ्या, चढाच्या बाजूने आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाने या. आधी तेल कोणतं ते विचारा. पेट्रोल असेल तर पॅड घेऊन पुढे जाणं हा शहाणपणा नव्हे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असते आणि गटारं, खड्डे, ओढ्याचं पात्र अशा सखल जागी साचून राहते. अशा वेळी लोकांना लांब नेणं, इंजिनं आणि विजेचे स्विच यांना हात न लावणं आणि अग्निशमन दलाची वाट बघणं एवढंच काम. हवेत वाफ किमान किती असली की पेट घेते, त्या खालच्या मर्यादेच्या १० टक्के वायूमापक दाखवायला लागला की मागे फिरायचं. डिझेल एवढं चटकन पेटत नाही, पण तापलेल्या इंजिनावर किंवा कापडात मुरल्यावर पेटतं.

वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असं समजू नका. कच्च्या तेलातल्या हायड्रोजन सल्फाइडने नाकच बधिर होतं.

मगच उगम. व्हॉल्व्ह बंद करा, पंप थांबवा, उलटलेलं पिंप उभं करा, भोकात लाकडी खुंटी ठोका. इथे एक चूक फार महागात पडते : दाब उतरल्याचं दिसूनही 'मीटर बिघडलं असेल' म्हणत लाइन पुन्हा सुरू करणं. २५ जुलै २०१० रोजी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली तेव्हा धोक्याच्या सूचना येत असतानाही ती पुन्हा चालू केली गेली. फुटल्याचं लक्षात यायला सुमारे १७ तास गेले, आणि तेल टॅलमॅज क्रीक नावाच्या ओढ्यातून कॅलमाझू नदीत उतरलं. शंका आली की आधी बंद. चालू करायला नंतर दिवस पडलाय.

३. जमिनीवरच अडवा

तेल अजून जमिनीवर असेल तर नदीकडे कुणीही धावू नये. आधी गटाराचं तोंड बंद करा. चटई नसेल तर ताडपत्री टाकून त्यावर ओल्या मातीच्या गोण्या रचा. मग तेलाच्या पुढे, उताराच्या बाजूला, मातीचा अर्धगोल बंधारा घाला. जमिनीवर अडवलेलं तेल फावड्याने उचलता येतं. तेच तेल नदीत पसरलं की त्यासाठी बोटी आणि कित्येक दिवस लागतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे पाण्याचा फवारा मारून जागा 'स्वच्छ' करणं. तुम्ही तेल स्वतःच्या हाताने गटारात ढकलत असता. त्यात साबण घातला तर आणखी वाईट. साबणाने तेलाचे बारीक थेंब होतात आणि तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीतून ते सरळ पलीकडे निघून जातात.

४. कळवणं आणि वेळेचा हिशोब

सरकारी यंत्रणेला कळवायचंच, पण पहिला फोन खालच्या बाजूच्या जॅकवेलवाल्यांना करा (जॅकवेल म्हणजे गावासाठी नदीतून पाणी उपसायची विहीर). ज्यांना पंप बंद करायचे आहेत त्यांना वेळ लागतो. टाक्या आधी भरून घेता आल्या तर पंप बंद असतानाही गावाला पाणी मिळतं. 'किती तेल गेलं' याचा नक्की आकडा हाती येईपर्यंत थांबू नका. कोणतं तेल, साधारण किती, कुठून आणि किती वाजता, एवढं पुरे.

आता प्रवाहाचा वेग मोजा. काठावर ३० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. सुकी काटकी किंवा अर्धी भरलेली बाटली मधल्या धारेत टाका आणि सेकंद मोजा. काठाजवळ टाकू नका, तिथे पाणी रेंगाळतं आणि वेग कमी भासतो. ३० ला सेकंदांनी भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. ४३ सेकंद लागले तर वेग ०.७, म्हणजे ताशी अडीच किलोमीटर. १० किलोमीटर खालच्या जॅकवेलपाशी तेल चार तासांत पोचणार.

वारा तेलाला स्वतःच्या वेगाच्या साधारण ३ टक्के ढकलतो. नदीत यामुळे फार तर तेल कोणत्या काठाला लागेल ते बदलतं. तलावात मात्र वाराच सगळं ठरवतो. ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर तेल ताशी ६०० मीटर सरकतं. म्हणून तलावात वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे जाऊन उभं राहायचं.

तवंग तेलाचाच आहे ना, हेही बघून घ्या. साचलेल्या पाण्यावर लोहजिवाणूंमुळे हुबेहूब तसाच रंगीत पापुद्रा येतो. त्यात काठी फिरवा. पापुद्र्याचे काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर ते तेल नव्हे. तेलाचा तवंग काठीमागे पुन्हा मिटतो.

रंगावरून प्रमाणाचाही अंदाज येतो. इंद्रधनुषी तवंग ०.३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. १०० मीटर लांब आणि १० मीटर रुंद पट्टा सगळा रंगीत दिसला तरी त्यात असतं जास्तीत जास्त ५ लिटर तेल. ते बघायला भयानक असतं, पण उचलण्याजोगं नसतं. काळं, तपकिरी किंवा तेलाच्या मूळ रंगाचं जिथे दिसेल तिथे माणसं लावा.

५. अडवायची जागा

तेल आत्ता आहे तिथे बूम लावायचा नसतो. तेल पोचायच्या आधी तुमचा बूम लागून, बांधून, तपासून झाला पाहिजे. दीड तास लागणार असेल तर ०.७ वेगाच्या नदीत तेलाच्या टोकापासून किमान चार किलोमीटर खाली जा. प्रवासाचा वेळ वेगळा.

जागा कशी ओळखायची? काठाने चालत जा आणि पालापाचोळा, फेस, प्लास्टिकच्या बाटल्या कुठे अडकल्या आहेत ते बघा. नदी तरंगणारा कचरा जिथे नेऊन टाकते तिथेच ती तेलही नेणार आहे. पात्र रुंद, पाणी संथ, काठ फार उभा नाही आणि टँकर जवळ येऊ शकतो, अशी जागा हवी. शेवटची अट लोक विसरतात. मग तेल छान जमतं आणि ते उचलायला गाडीच येत नाही.

धबधबा, बंधारा किंवा खळखळाट असेल तर अडवणी त्याच्या वर करा. त्यावरून पडलेलं तेल पाण्यात घुसळलं जातं आणि मग वरवरचा बूम काहीच धरत नाही.

> इशारा : गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असते. समुद्रावर तरंगणारं जड तेल नदीत बुडू शकतं. कॅलमाझूत नेमकं हेच झालं. पातळ करण्यासाठी मिसळलेला हलका भाग उडून गेला, उरलेलं डांबरी तेल गाळात बसलं आणि तो गाळ उपसायचं काम २०१४ पर्यंत चाललं. तेल जड असेल तर तळातला गाळही पहिल्या दिवसापासून तपासा.

६. बूम लावणं

आधी एक गोंधळ मिटवू. शोषक बूम म्हणजे तेल पिणारी लांब उशी. तिला खाली झालर नसते, त्यामुळे वाहत्या पाण्यात ती तेल अडवत नाही. अडवणारा बूम वेगळा : वर तरंगणारा भाग, खाली पाण्यात लोंबणारी झालर आणि तळाशी वजनाची साखळी. नदीत झालर साधारण १५ सेंटीमीटरची पुरते. जास्त खोल झालर जास्त तेल धरत नाही, ती फक्त जास्त ओढली जाते.

बूमवर काटकोनात येणारा प्रवाह ०.३५ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की तेल झालरीखालून निसटू लागतं. हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका सरावात. तेलाऐवजी लाकडाचा भुसा सोडला होता आणि बूम सरळ आडवा बांधला होता. भुश्याचा जाड थर बूमसमोर साचला, सगळे खूश झाले. मग त्या थराच्या खालच्या कडेतून धुरासारखे लोट सुटले, झालरीखालून गेले आणि हातभर अंतरावर पलीकडे वर आले. दोन मिनिटांत अर्धा भुसा पार. मग एका काठाचं टोक सोडून बरंच खाली नेलं. बूम तिरका झाला आणि तोच भुसा त्याच्या कडेने घसरत काठाला जाऊन लागला. बूम भिंतीसारखा नव्हे, शेताच्या पाटासारखा वापरायचा.

कोन असा ठरवा. काटकीला ३० मीटर जायला ८६ सेकंद किंवा जास्त लागले तर बूम आडवा चालेल. ६० सेकंद लागले तर प्रवाहाशी ४५ अंश. ४३ सेकंदांना ३० अंश. ३० सेकंदांना २० अंश. २१ सेकंदांना जेमतेम १५ अंश. कोन जितका लहान तितका बूम लांब लागतो : ३० अंशांना पात्राच्या दुप्पट, २० अंशांना जवळपास तिप्पट, १५ अंशांना चौपट. बूम कमी पडतोय म्हणून कोन वाढवू नका. त्यापेक्षा संथ जागा शोधा, किंवा दोन-तीन तुकडे एकाखाली एक, तिरके, पायऱ्यांसारखे लावा.

लावायचा क्रम :

१. वरच्या टोकाचा खुंटा आधी. झाडाचं खोड किंवा खोल ठोकलेल्या दोन पहारी. माणसांनी हातात धरायचा नाही. एक मीटर प्रति सेकंद वेगात आडवा धरलेला, १५ सेंटीमीटर झालरीचा ३० मीटर बूम साडेचारशे किलोच्या आसपास ओढ घेतो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट.

२. बूम काठावरच पूर्ण जोडून घ्या आणि झालरीला पीळ नाही ना ते बघा. पाण्यात गेल्यावर पीळ सुटत नाही.

३. वरचं टोक बांधून खालचं टोक प्रवाहाबरोबर हळूहळू सोडा.

४. मध्ये ठिकठिकाणी काठाकडे किंवा नांगराकडे दोर घ्या. दोर कमी पडले की बूमला पोट सुटतं, आणि पोटाच्या तळाशी तो पुन्हा आडवाच होतो. तेल तिथूनच निसटतं.

५. खालचं टोक काठाला चिकटवा. ही सर्वात दुर्लक्षित जागा. झालर काठच्या दगडांवर अडकून वर उचलली जाते आणि खाली वीतभर फट राहते. तिथे गोण्या आणि शोषक बूम दाबून भरा.

६. पन्नास-शंभर मीटर खाली दुसरा बूम लावा.

> तपासा : वरून मूठभर पालापाचोळा सोडा. तो बूमच्या कडेने घसरत काठाला आला पाहिजे. मध्येच थांबला तर पोट आहे. पलीकडे निघाला तर कोन जास्त आहे.

नदीची पातळी चढली-उतरली की दोर पुन्हा ओढावे लागतात. रात्री यासाठी माणूस ठेवा. पाण्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. तेलकट काठावरून पाय घसरतो आणि बूटभर पाण्यातही माणूस वाहून जातो.

७. लहान ओढा असेल तर : पाइपाचा बंधारा

ओढ्यात बूमपेक्षा हा उपाय सरस, आणि त्याला माती, गोण्या व पाइप एवढंच लागतं. तत्त्व सोपं : तेल वर, पाणी खाली, म्हणून खालचं पाणी जाऊ द्यायचं.

गोण्यांचा बंधारा घाला, वरच्या बाजूला ताडपत्री लावा आणि त्यातून पाइप तिरके टाका. वरच्या बाजूचं तोंड खाली, पाण्यात खोल. खालच्या बाजूचं तोंड उंच. दहातले निम्मे लोक हे उलटं करतात, कारण पाइप उताराच्या दिशेने टाकायचा हात बसलेला असतो. उलटा टाकला की त्याचं तोंड बरोबर तवंगाच्या पातळीला येतं आणि तुम्ही फक्त तेल पुढे पाठवता.

१५ सेंटीमीटर व्यासाचा एक पाइप सेकंदाला साधारण १८ लिटर पाणी नेतो. ओढा एक मीटर रुंद, २० सेंटीमीटर खोल आणि वेग ०.३ असेल तर येणारं पाणी सेकंदाला ६० लिटर. म्हणजे चार पाइप. कमी टाकले तर पाणी बंधाऱ्यावरून जाईल, आणि सर्वात आधी वरचं तेलच जाईल.

बुडलेल्या तोंडावर भोवरा फिरताना दिसला तर तो तेल खाली ओढतोय. बाहेरचं तोंड थोडं उचला, वरची पातळी वाढेल आणि भोवरा विरेल.

८. तेल उचलणं

जमा झालेलं तेल लगेच उचला. थर जाड होत गेला की तो बूमखालून जायला लागतो. जाड थर असेल तर स्किमर (पाण्यावरचं तेल ओढून घेणारं यंत्र) किंवा उपसा टँकर, पातळ असेल तर पॅड. चकती किंवा दोरीवर तेल चिकटवून घेणारे स्किमर कमी पाणी आणतात. काठावरून ओघळून आत घेणाऱ्या प्रकारात पाणीच जास्त येतं, म्हणून साठवणीची टाकी आधी मोकळी ठेवा. टाक्या भरल्या आणि काम थांबलं, हे फार वेळा घडतं. टाकीत मिश्रण स्थिर होऊ द्या, तळाचं पाणी परवानगी घेऊन बूमच्या वरच्या अंगालाच सोडा.

भांड्यांचा साबण किंवा तेल विरघळवणारी रसायनं पाण्यात ओतू नका. तवंग डोळ्यांआड होतो, तेल जात नाही, ते माशांच्या आणि जॅकवेलच्या पातळीला उतरतं. अशी रसायनं बहुतेक खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली असतात, आणि नदीत ती पातळ व्हायला समुद्राएवढं पाणी नसतं. लाकडाचा भुसाही टाकू नका. सरावात तो थोडा वेळ तरंगतो, तेल घेऊन मग बुडतो.

९. काठ, कचरा आणि थांबायची वेळ

काठावरचं तेल नदीच्याच पाण्याने, कमी दाबाने धुवा आणि खाली शोषक बूम लावून ठेवा. जोराचा किंवा गरम फवारा काठाची माती आणि त्यातले जीव दोन्ही घेऊन जातो. पाणथळ गवतात शिरू नका. बुटांनी तेल चिखलात खोल दाबलं जातं, मग ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. जावंच लागलं तर फळ्या टाकून जा. तेलात माखलेला पक्षी दिसला तर पकडून घरी धुवू नका, प्रशिक्षित माणसाला बोलवा.

नमुने काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड आणि अंधारात ठेवा. प्लास्टिक तेल शोषून घेतं. वापरलेले पॅड आणि चिंध्या झाकणाच्या पिंपात भरा, वर तेलाचं नाव व तारीख लिहा. उघड्यावर जाळू नका. खाद्यतेल किंवा जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो, त्या पाण्यात भिजवून ठेवा.

फक्त विरळ रंगीत तवंग उरला, पॅडला काही लागेनासं झालं आणि जॅकवेलच्या पाण्याचे तपासणी अहवाल स्वच्छ आले की उचलणं थांबवता येतं. पण बूम त्याच दिवशी काढू नका. पहिला मोठा पाऊस पडला की काठाच्या मातीतलं आणि गटारात दडलेलं तेल पुन्हा बाहेर येतं. तो पाऊस होऊन गेला, बूमसमोरचं पाणी दोन दिवस स्वच्छ राहिलं, की मग दोर सोडा. खालच्या टोकापासून सुरुवात करा, आणि बूम पाण्यात न झटकता ताडपत्रीवर ओढून घ्या.